आठव्या खिशातला चाकू

आबांना जिवंतपणी चांगलं म्हणणारं माणूस शिरूरच्या बाजारात मला एकही भेटलं नाही. आता ते गेलेत, तर वाईट म्हणणारं एकही भेटत नाही. माणसं तीच, ओटे तेच, चहासुद्धा तोच. "असा कारागीर पुन्हा होणे नाही," म्हणतात आणि बशीतला चहा फुंकतात. अरे, होता तेव्हा त्याला लांबून बघून गल्ली बदलत होतात की! पण मी हे तोंडावर बोलत नाही. मला तो अधिकार नाही, आणि का नाही तेच सांगायला बसलेय.

आबा घडीचे चाकू करायचे. खिशात मिटून ठेवायचा, शेतकऱ्याच्या कामाचा साधा चाकू. बाभळीची मूठ, मुठीच्या टोकाला पितळी टोपी, चार बोटं लांब पातं, आणि पाठीला पोलादाची कमान. कमान म्हणजे ती पट्टी, जी उघडलेलं पातं उघडं धरते आणि मिटलेलं मिटलेलं. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणून आबा त्यातून पातं आणि कमान दोन्ही घडवायचे. दिवसाला एक चाकू. फार अंगात आलं तर दोन. तिसरा मी कधी बघितला नाही.

त्यांची बंडी ही गावात चेष्टेची गोष्ट होती. जाड मांजरपाटाची, आणि तिला आठ खिसे. चार बाहेर, चार आत. शिंप्यानं म्हणे विचारलं होतं, आबा एवढ्या खिशांत ठेवणार काय, तर म्हणाले, आठवडा. नवा चाकू झाला की तो पहिल्या खिशात जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्यात. असा रोज एक खिसा पुढं सरकत आठव्यात पोचला, आणि तिथला दिवस काढला, की मग तो विकायचा. तोवर नाही. गिऱ्हाईक दारात पैसे घेऊन ताटकळलं तरी नाही. या आठ दिवसांत आबा त्या चाकूबरोबर जगायचे. लिंबू कापायचे, सुतळी तोडायचे, बोराटीची काडी तासायचे, उसाचं कांडं सोलायचे. टपरीवर क्रीमरोल घेतला तरी हातानं मोडणार नाहीत. "आज तिसऱ्याची पाळी," म्हणून बंडीत हात घालणार आणि त्या क्रीमरोलच्या चकत्या करणार. समोरचा माणूस बघत बसायचा. चालताना त्यांच्या अंगातून घुंगरांसारखा आवाज यायचा, त्यामुळे आबा येतायत हे आधी कळायचं आणि पळायला वेळ मिळायचा.

पळायचं कारण असं, की ते कुणालाही रस्त्यात थांबवून चाकू मागायचे. विकत घ्यायला नाही, बघायला. दुसऱ्याच्या खिशातला चाकू उघडून, मिटून, कानाला लावून ऐकायचे आणि चारचौघांत सांगायचे, "हे हत्यार न्हाई, हा दगाबाज हाय. फेक." एकदा एका लग्नात नवरदेवाच्या मामाचा चाकू त्यांनी असा नापास केला आणि वर स्वतःच्या बुटाखाली घालून मोडला. मामा रुसला. मानपान राहिला बाजूला, मामाची समजूत काढण्यात जेवणाची पंगत अर्धा तास खोळंबली. आबांना त्याचं काही नाही. ते पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसले होते.

निवडणुकीच्या दिवसांत एकदा नाकाबंदीत पोलिसानं त्यांची झडती घेतली. आठ खिशांतून नऊ चाकू निघाले. त्यानं घाबरून साहेबांना हाक मारली. साहेबांनी विचारलं, बाबा, एवढी हत्यारं कशाला, विकायला का? आबा म्हणाले, "विकायचा यातला एकच हाय. बाकीचं अजून शिकत्यात." साहेब हसले आणि तो एक घेऊन गेले. हा किस्सा दहाव्याच्या दिवशीसुद्धा कुणीतरी सांगितला, पण सांगणाऱ्यानं त्यात स्वतःला घुसवलं होतं.

आबांचं चाकूबद्दलचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. उघडलेला उघडा राहिला पायजे, मिटलेला मिटलेला. बाकी समदं पॉलिश. उघडायला नख लागलं पाहिजे, दात लागला तर कमान ताठ, आणि नुसता झटका मारून उघडला तर कमान मेलेली. मिटताना आवाज एकच यायला हवा. खट. दोन आले, खट आणि त्याच्यामागं बारीक खड, तर तो चाकू एक दिवस बोटावर मिटणार. हे ते कानानं ओळखायचे. नापास झालेला चाकू लगेच शेगड्यात, म्हणजे लोखंड धरायच्या पकडीत, आवळून हातोड्यानं मोडायचे. मी म्हटलं, आबा, बाजूला ठेवा की, मूठ तरी कामाला येईल. म्हणाले, ठेवला की मोह व्हतो.

आता मी कोण ते सांगते. मी रांजणगावला एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. टेबल, ट्यूबलाइट, डाव्या हाताला ओके ट्रे, उजव्या हाताला रिजेक्शन. सात वर्षं केलं, मग कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि एका दुपारी गेटपास काढून घेतला. घरी नवरा, सासू, शाळेतली मुलगी. निमोण्याच्या रस्त्याला एका बागायतदाराच्या मुलानं चाकूचं युनिट काढलं होतं, तिथं क्वालिटीला बाई पाहिजे असं कळलं आणि मी गेले. मालक माझ्यापेक्षा लहान. इंजिनिअरिंग पुण्यात केलेलं, वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत पत्र्याचं शेड टाकलेलं. शहरातल्या लोकांना पारंपरिक, हातानं घडवलेलं काहीतरी ऑनलाइन हवं असतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. पारंपरिक म्हणून आबांना आणून बसवलं होतं. बाकी पाती लेझरवर कापून बाहेरून यायची, कमानीही बाहेरून, आणि बिहारची सहा पोरं ती जोडायची. फोटो मात्र आबांचा. फोटोग्राफर आला तेव्हा ठिणग्या उडवा म्हणाला. आबांनी त्याला विचारलं, "तुझ्या घरी सैपाक करताना घर पेटवत्यात का?"

पहिल्या दिवशी मी त्यांना माझी पद्धत सांगितली. वीस चाकूंमधला एक घ्यायचा, तो नीट तपासायचा, तो पास तर लॉट पास. कंपनीत असंच असतं, सगळं जग असंच चालतं, असं मी जरा तोऱ्यातच म्हणाले. आबांनी हातातली कानस खाली ठेवली.

"एक बघून एकोणीसचं सांगतीस? आन् त्या एकोणीसातल्या एकानं कुणाचं बोट कापलं, तर त्याला काय सांगशील? तुझा नंबर नव्हता म्हून?"

मला राग आला. खरं तर लाज वाटली, पण लाज वाटली की मला रागच येतो. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक चाकू ठेवला आणि म्हणाले, घे, तू वागव, माझी बंडी भरलीय. मी तो ओढणीच्या गाठीत बांधून आठ दिवस वागवला. भाजी निवडली, मुलीच्या पेन्सिलींना टोकं केली, सासूबाईंच्या सुपाऱ्या कातरायच्या भानगडीत पडले. आठव्या दिवशी परत दिला तेव्हा आबांनी विचारलं, कसा हाय? मी म्हटलं, पाचव्या दिवसापासून मिटताना जरा सैल वाटतोय. त्यांनी तो कानाला लावला, उघडला, मिटला, आणि शेगड्यात घालून मोडला. मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. त्या दिवसापासून मी त्यांची पोरगी झाले. "ए पोरी" म्हणायचे, सगळ्यांदेखत, मालकासमोरसुद्धा.

त्यांची खूण म्हणजे तीन टिंबं. पितळी टोपीवर, चुलीच्या तीन दगडांसारखी मांडलेली. लोखंडी पंच आणि हातोडीचा एकेक ठोका. पहिलं टिंब पात्याचं, दुसरं कमानीचं, तिसरं खिळीचं, म्हणजे ज्या खिळीवर पातं फिरतं तिचं. तिन्ही एकदम मारायची नाहीत. एक गोष्ट तपासायची, एक टिंब मारायचं, चाकू खाली ठेवायचा, परत उचलायचा. वेळ जायचा म्हणून मालक चरफडायचा, पण त्याच तीन टिंबांवर त्याचा धंदा होता. आजूबाजूच्या पाच-पन्नास गावांत शेतकरी आधी टोपी बघायचा, टिंबं दिसली की पुढं काही विचारायचा नाही. युनिटच्या चाकूंपैकी आबांच्या कानाला पटलेल्यांनाच ती खूण मिळायची. बाकीचे बिनटिंबाचे शहरात जायचे. शहरातल्यांना टिंबं कुठं माहीत होती?

मग आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टिंबं वाकडी पडायला लागली. एक दिवस त्यांनी पंच आणला, बंडीला पुसला आणि माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यावर आता भरवसा न्हाई, म्हणाले, तपासायचं मी, मारायची तू. मालकाला दिला नाही, त्या पोरांना दिला नाही, मला दिला. मी तो टेबलाच्या खणात कुलपात ठेवला. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटीवर गाणं म्हणत होते, हे मला चांगलं आठवतं.

त्यानंतर ती ऑर्डर आली. तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेची वार्षिक सभा होती, आणि चेअरमनच्या डोक्यात आलं की यंदा सभासदांना स्टीलचा डबा नको, आबांचा चाकू द्यायचा. सहाशे चाकू. तीन टिंबांचे. हातात सव्वा महिना. आबांना एवढे करणं शक्यच नव्हतं, म्हणून मालकानं कमानी आणि पाती बाहेरून मागवली, पोरांनी रात्रपाळी करून ते जोडले, आणि ढीग आबांसमोर आणून ठेवला. आबा म्हणाले, आठ दिवस वागवल्याशिवाय एकही न्हाई. मालक म्हणाला, आबा, सहाशे चाकू वागवायला तुम्हाला पंचाहत्तर बंड्या लागतील.

तेव्हा आबांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी ढिगातले चाळीस चाकू उचलले आणि सगळीकडं वाटून टाकले. सहा पोरांना, चहावाल्याला, एसटी स्टँडवरच्या हमालाला, माझ्या सासूला, मालकाच्या आईला. आठ दिवस खिशात ठेवा आन् वापरा, एवढंच. मालकाची आई नाइलाजानं कमरेला चाकू खोचून देवपूजा करायची. सगळी गंमत चालली होती. पाचव्या दिवशी त्या पोरांपैकी एकजण माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो जेब में अपने आप खुल रहा है." आठव्या दिवशी चाळीसपैकी तीसच्या वर परत आले ते मेलेले. कमानींना नीट पाणी दिलेलं नव्हतं. पोलाद तापवून विझवायचं ते कुणीतरी उरकलं होतं. नवा असताना चाकू एकदम कडक, टेबलावर तपासला तर शंभरातले शंभर पास. आठवडाभर वापरला की कमान मान टाकणार. माझ्या वीसात एकच्या पद्धतीनं हे जन्मात सापडलं नसतं.

आबांनी पूर्ण लॉट नापास केला. सगळ्या कमानी बदला, म्हणाले. सभेला बारा दिवस राहिले होते. नेमकं त्याच आठवड्यात त्यांची मुलगी दौंडहून आली आणि डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन गेली, तारीख कधीची ठरलेली होती. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर बोटानं टकटक केलं. मी येईपर्यंत एक टिंब मारायचं न्हाई. मी म्हटलं, नाही मारणार आबा, निश्चिंत जा.

मालकानं मला दमदाटी केली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, भांडण मला येतं. पण त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, मॅडम, आबांचं वय झालं, त्यांच्या काळी ठीक होतं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला इंडस्ट्री माहितीय. तुम्ही म्हणाल ते फायनल. पुढच्या महिन्यापासून सगळं प्रॉडक्शन तुम्हीच बघा, लेटर काढतो. आणि मग हळूच म्हणाला, टेबलावर तर सगळे पासच आहेत ना? होते. पास होते. मी सात वर्षं जी पद्धत खरी मानली तिच्याप्रमाणं तो लॉट पास होता. कुणी म्हणेल पोटासाठी केलं. पोट होतंच. पण मला तुम्ही म्हणाल ते फायनल हे ऐकायला गोड वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन दिवस मी ठोके मारत होते. तिन्ही टिंबं एकदम, टक टक टक, पुढचा. पहिल्या दिवशी दुसऱ्या टिंबाला, कमानीच्या टिंबाला, हात जरा अडखळायचा. दुसऱ्या दिवशी तोही अडखळेना. सभा झाली, चाकू वाटले, पेपरात फोटो आला.

आबा काळा चष्मा लावून परत आले. मोकळं फडताळ बघितलं आणि विचारलं, गेलं? मी म्हटलं, मालकांनी पाठवले. टिंबं? मी म्हटलं, नाही मारली. काय गरज होती खोटं बोलायची? कधीतरी कळणारच होतं. पण त्यांनी मान हलवली, बरं म्हणाले, आणि भट्टीकडं गेले. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून मला त्यांचाच राग आला. माणसानं इतकं भोळं असू नये.

दीड-दोन महिन्यांनी निमोण्याची एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हाताच्या पहिल्या बोटाला मोठं फडकं. तक्रार करायला नव्हती आली. पिशवीतून चाकू काढून म्हणाली, आबा, तुमचा चाकू माझ्या हातनं बिघडला बघा, कांद्याची पात कापताना मिटला. बोटाचं पेर गेलं, पण ते जाऊ द्या, म्हातारीला काय करायचंय पेर. चाकू तेवढा नीट करून द्या. आबांचा चाकू बिघडू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाटत होतं, तिचंच काहीतरी चुकलं.

आबांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी टोपी बघितली. त्यांचा ठोका जरा डावीकडं कललेला असायचा, माझा सरळ पडतो. मी तीन हातांवर उभी होते आणि मला वाटलं आता ते माझं नाव घेतील. घ्यावं असंच वाटत होतं. ते उठले, आणि ज्यांना मी आयुष्यात कुणापुढं मान झुकवताना बघितलं नव्हतं ते आबा त्या बाईच्या पायाशी वाकले. ती आवं आवं करत मागं सरकली.

"आक्का, तुमच्या हातनं काय झालं न्हाई," म्हणाले. "टिंबं माझी हायत. चूक माझी हाय."

आठव्या खिशातला चाकू त्यांनी तिला दिला. ती गेल्यावर तिचा तो चाकू हातात धरून खाली बसले. मला वाटलं आता शेगड्यात घालून मोडतील. मी म्हटलं, आबा, मोडा तो. माझ्याकडं न बघता म्हणाले, "डोळं परत आलं आन् पहिलं हेच दिसलं." मग म्हणाले, "मोडून भागत न्हाई. टिंबं मारलीत नव्हं, मग ती खरी करायची."

दुसऱ्या दिवसापासून ते युनिटवर आले नाहीत. पंच मागायलासुद्धा आले नाहीत. मालक म्हणाला, बरं झालं, कटकट गेली, फोटो आपल्याकडं आहेच.

पुढची दोन वर्षं आबा तालुकाभर फिरले. एसटीनं, कुणाच्या दुधाच्या गाडीवर, कधी चालत. निमोणे, न्हावरे, पाबळपर्यंत. संस्थेच्या सभासदाचं घर शोधायचं, चाकू मागायचा, घरी आणून त्याची कमान काढायची, नवी घडवून बसवायची, बंडीत आठ दिवस वागवायचा आणि परत नेऊन द्यायचा. एका चाकूला दोन खेपा. लोक वैतागले. कुणी म्हणालं, आबा, चांगला चाललाय, राहू द्या. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. काहींनी उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. चेअरमननी चहा पाजला, पण चाकू दिला नाही. माझा एकदम ओरिजिनल आहे, म्हणाले, त्याला हात लावायचा नाही. आबा तीनदा गेले त्यांच्याकडं. सहाशेतले अर्धे तरी खरे झाले की नाही, देव जाणे. मी हे सगळं इकडून तिकडून ऐकत होते. मला प्रॉडक्शनचं लेटर मिळालं होतं. एकदा बाजारात समोरून घुंगरांचा आवाज आला आणि मी गल्ली बदलली. होय, मीसुद्धा.

दोनेक वर्षांत शहरातल्या लोकांचा शौक फिटला आणि युनिट बंद पडलं. मी परत रांजणगावला, दुसऱ्या कंपनीत, त्याच टेबलावर. त्याच सुमारास आबांनी अंथरूण धरलं आणि मुलगी त्यांना दौंडला घेऊन गेली. शेवटी एका रविवारी मी गेले. खाटेवर उगाच एवढेसे झाले होते, पण बंडी अंगात होती. मी पंच काढून त्यांच्या हातात ठेवला आणि रडले. मी चुकले आबा, म्हटलं, मी मारली, आणि तुमच्याशी खोटंही बोलले. ते म्हणाले, ठावं हाय की. एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, पण नाहीत म्हणाले. पंच परत माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. मग बंडीत हात घातला. सात खिसे रिकामे होते. आठव्यातून एक चाकू काढला. त्यांच्या हातचा, शेवटचा. टोपी कोरी.

"मी वागवलाय," म्हणाले. "तू बी वागव. पटला तर टिंबं मार."

दहा-बारा दिवसांत ते गेले. भावकी शिरूरची, म्हणून दहावा घोडनदीच्या घाटावर घातला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानानं गेले, काही मागं राहिलं नाही. मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला. मग आपल्याकडं होतात तशी माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं झाली. चेअरमन उठले. खिशातून चाकू काढून सगळ्यांना दाखवला, म्हणाले, हा बघा आबांचा हात, तीन वर्षं झाली, अजून तसाच. आणि माइकजवळ धरून उघडला आणि मिटला. स्पीकरमधून सगळ्या घाटाला ऐकू गेलं. खट. आणि त्यामागं खड. शे-दोनशे माणसं बसली होती. कुणाची मानसुद्धा हलली नाही.

भाषणं संपल्यावर मी चेअरमनकडं गेले. हात जोडून सांगितलं, साहेब, हा चाकू आबांचा नाही, ही टिंबं मी मारलीत, कमान मेलेली आहे, एखाद्या दिवशी बोटावर मिटेल. ते माझ्याकडं बघून कनवाळूपणे हसले. "ताई, तुमची भावना मी समजू शकतो," म्हणाले, आणि चाकू खिशात घातला. नंतरचे चार-पाच रविवार मी स्कूटीवरून गावं फिरले. मला कमान घडवता येत नाही, निदान चाकू गोळा करीन, मोडीन, असं डोक्यात होतं. एकानंही दिला नाही. आबा होते तोवर शिव्या देत का होईना, देत होते. आता म्हणतात, आबा गेले, त्यांची खूण कशी द्यायची? निमोण्यातल्या एका घरात तर तो देव्हाऱ्यात ठेवलाय, हळदकुंकू लावून. तिथं निदान कुणाचं बोट कापणार नाही.

माझा चाकू माझ्या पर्समध्ये असतो. आठ दिवस कधीच झाले. नखानं उघडतो, खट करून मिटतो, एकच आवाज. पात्यात खोट नाही, कमानीत नाही, खिळीत नाही. तपासून तपासून थकले. पंचही घरात आहे. हात उचलत नाही.

परवा कॅन्टीनमध्ये त्या चाकूनं पेरू कापत होते. समोर लाइनवरचा एक जण होता, आमच्याच तालुक्यातला. कुठला चाकू म्हणाला, झकास दिसतोय. मी म्हटलं, आबांचा. त्यानं हातात घेतला, फिरवून टोपी बघितली, अंगठा घासून परत बघितली आणि हसत परत दिला.

"ह्याच्यावर टिंबं कुठायत? फसवलं ताई तुम्हाला कुणीतरी. आमच्या घरी हाय, खरा, तीन टिंबांचा. संस्थेत मिळालेला."

मी विचारलं, कोण वापरतं? म्हणाला, आई. मी त्याला म्हटलं, आईला तो वापरू देऊ नको, तो चांगला नाही. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जशी काही मी मेलेल्या माणसाची निंदा केली. ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. भोंगा झाला तशी मी चाकू मिटला, पर्समध्ये टाकला आणि पुढच्या लॉटला ओके मारायला गेले.